प्यायलो नाही, पण बसलो होतो

भंडारा जिल्ह्यातील आमच्या भागातून पूर्वी मुले शिक्षणासाठी नागपूरला जात आणि शनिवारी सायंकाळच्या एसटीने घरी परतत. आता ती पुणे, हैदराबाद, बंगळूर अशा दूरच्या शहरांत नोकरी करतात आणि ईदला घरी येतात. अंतर वाढले, तसे त्यांचे प्रश्नही बदलले. गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी इशाच्या नमाजेनंतर मी दुसऱ्या दिवशीच्या खुतब्याची तयारी करीत बसलो होतो. तेवढ्यात पुण्याहून एका तरुणाचा फोन आला. हा मुलगा लहानपणी आमच्याच मकतबमध्ये कुरआन वाचायला शिकला. आज तो एका संगणक कंपनीत नोकरी करतो.

तो म्हणाला, "मौलाना, उद्या ऑफिसची मंडळी एका पबमध्ये जमणार आहेत. तिथेच बिअर तयार होते, क्राफ्ट बिअर म्हणतात तिला. मी पिणार नाही. लिंबू सोडा घेईन. नुसते बसलो तर चालेल ना?"

"चालणार नाही. जाऊ नकोस," एवढे बोलून मी फोन ठेवला आणि पुन्हा खुतब्याकडे वळलो.

रविवारी त्याचा पुन्हा फोन आला. तो गेला होता. शुक्रवारची संध्याकाळ असल्यामुळे दारात नाव लिहून बराच वेळ ताटकळावे लागले. आत काचेपलीकडे उंच, चकचकीत टाक्या होत्या. फळ्यावर त्या आठवड्याच्या बिअरची नावे लिहिलेली होती. गोंगाट इतका, की शेजाऱ्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागे. नमुन्यादाखल आणलेले छोटे ग्लास हातोहात फिरत होते. एक सहकारी प्रेमानेच म्हणाला, "अरे, गहूच तर आहे हा, नुसती चव घेऊन बघ." याने नकार दिला आणि लिंबू सोडा मागवला.

"मौलाना, मी प्यायलो नाही. अल्लाह साक्षी आहे. पण बसलो होतो," असे म्हणून तो थांबला. मग एकेक गोष्ट सांगू लागला. मगरिब दारातल्या रांगेतच गेली. इशा खोलीवर जाऊन पढू म्हणून ठेवली, पण परतल्यावर झोप लागली आणि फजरही गेली. मैफल रंगल्यावर एकाने त्याच्या दाढीवरून थट्टा केली. ती थट्टा पुढे दीनपर्यंत गेली आणि वातावरण बिघडू नये म्हणून तोही हसला. नंतर दोन जिवलग मित्रांत जुन्या गोष्टीवरून भांडण जुंपले. शेवटी बिल आले आणि सर्वांनी ते समान वाटून घेतले. याच्या वाट्याला चौदाशे रुपये आले, ते त्याने मोबाईलवरून भरले. लिंबू सोडा आणि थोडे खाणे मिळून चारशेसुद्धा झाले नव्हते.

"उरलेले हजार रुपये कशाचे होते, मौलाना?"

वाचकहो, या प्रश्नापुढे मी काही क्षण गप्प झालो. गुरुवारी मी दिलेले उत्तर चुकीचे नव्हते, पण ते अपुरे होते. मी हुकूम सांगितला. त्याचे कारण सांगितले नाही आणि मार्गही दाखवला नाही. आजचा पाठ त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई आहे. ज्यांची मुले शहरात आहेत आणि ज्यांची उद्या जाणार आहेत, अशा सर्वच घरांनी तो एकत्र बसून वाचावा, ही विनंती.

धान्य हलाल, नशा हराम

"गहूच तर आहे हा," या वाक्यापासून सुरुवात करू, कारण शहरातील या नव्या पबांचे सारे आकर्षण त्यातच सामावलेले आहे. पुण्यात २००९ साली डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. त्यानंतर पुणे-मुंबईत अशी अनेक ठिकाणे निघाली. मायक्रोब्रुअरी म्हणजे अल्प प्रमाणात बिअर तयार करून बहुधा तिथेच विकणारी जागा. तिथली बिअर कारखान्याच्या बाटलीतून येत नाही, टाकीतून थेट ग्लासात येते. म्हणून ती ताजी, नैसर्गिक आणि हाताने घडवलेली म्हणून नावाजली जाते. नशेबाज माणसाच्या हातातील बाटलीची आपल्या तरुणांना किळस वाटते. या स्वच्छ, उजेडाच्या जागेत तशी किळस वाटत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

बिअर तयार कशी होते, हे नीट समजून घ्या. जव किंवा गहू भिजवून त्याला मोड आणतात आणि ते मोड वाळवतात. त्याचा भरडा गरम पाण्यात ठेवला की धान्यातील पिष्टाची साखर बनते. हे गोड पाणी गाळून हॉप्स नावाच्या कडवट फुलांसह उकळतात. ते थंड झाल्यावर त्यात यीस्ट घालतात. यीस्ट ती साखर खाते आणि तिच्यातून अल्कोहोल व वायू तयार होतो. बहुतेक बिअरमध्ये अल्कोहोलचे प्रमाण साधारण चार ते आठ टक्के असते. म्हणजे धान्य अल्लाहने दिलेले, पाणीही त्यानेच दिलेले, आणि शेवटी तयार झालेली वस्तू मात्र बुद्धीवर पडदा टाकणारी.

हा बदल आपल्या जिल्ह्याला अनोळखी नाही. फाल्गुन-चैत्रात मोहाची झाडे फुले ढाळतात. पहाटे उठून बायाबापड्या ती वेचतात. वाळवलेला मोह भाजून खातात, त्याचे गोड पदार्थ करतात, तो जनावरांनाही घालतात. तोच मोह सडवून भट्टीवर चढवला की त्याची दारू होते आणि त्या दारूने किती संसार मोडले, हे आपल्या गावागावाला ठाऊक आहे. दोष फुलात नव्हता. सूरह नहलच्या ६७व्या आयतीत हीच जाणीव करून दिली आहे. खजूर आणि द्राक्षांपासून माणूस नशा आणणारी वस्तूही बनवतो आणि उत्तम उपजीविकाही मिळवतो, असा तिचा आशय आहे. ही आयत मक्केत अवतरली. मद्य तेव्हा निषिद्ध झालेले नव्हते, तरीही उत्तम हे विशेषण केवळ उपजीविकेला लावले गेले. विचार करणाऱ्यांसाठी तेवढा इशारा पुरेसा होता.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरात जवाची भाकरी खाल्ली जात असे. ह. आयेशा (रजि.) आजारी आणि शोकाकुल माणसांसाठी जवाच्या पिठाची तलबीना नावाची पेज करायला सांगत. प्रेषितांसाठी खजूर पाण्यात भिजवून गोड पेय केले जाई. मात्र ते फार दिवस ठेवले जात नसे. तिसऱ्या दिवसानंतर उरलेले ओतून टाकले जाई. यावरून शरीअतची रेषा स्पष्ट दिसते. धान्य, फळ, गोडी यांना मुभा आहे. जिथून नशा सुरू होते, तिथे मनाई आहे.

बिअरचा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच विचारला गेला

"कुरआनात द्राक्षाच्या दारूला मनाई आहे, बिअर ही वेगळी वस्तू आहे," असे काही सुशिक्षित तरुण म्हणतात. ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांना यमनला पाठवले जात होते, तेव्हा त्यांनी तिथल्या दोन पेयांविषयी विचारले. त्यांपैकी एक मधापासून बनणारे बित' होते आणि दुसरे जवापासून बनणारे मिज्र. मिज्र म्हणजे आजच्या भाषेत जवाची बिअरच. प्रेषितांनी दोन्ही पेयांची वेगवेगळी चिकित्सा न करता एकच नियम सांगितला, की नशा आणणारी प्रत्येक वस्तू हराम आहे. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

पुढे ह. उमर (रजि.) यांनी प्रेषितांच्या मिंबरवरून सांगितले की, मद्यनिषेधाची आज्ञा आली तेव्हा मद्य पाच वस्तूंपासून बनत असे : द्राक्षे, खजूर, मध, गहू आणि जव. जे बुद्धीला झाकून टाकते ते मद्य, अशी व्याख्याही त्यांनी दिली. त्या पबच्या फळ्यावर लिहिलेल्या बहुतेक नावांमागील धान्य या यादीत आहे. जे यादीत नाही, ते व्याख्येत आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हनफी फिकहच्या ग्रंथांत द्राक्ष-खजुराचे मद्य आणि धान्याचे पेय यांच्यात काही प्राचीन भेद आढळतात. अर्धवट वाचनाच्या आधारे कोणी ते तुमच्यासमोर ठेवील. परंतु हनफी विद्वानांचा फतवा इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मतावर आहे. जे अधिक प्रमाणात नशा आणते त्याचे अल्प प्रमाणही हराम, मग ते कशाचेही असो. कोकणातील आपले शाफई बांधव आणि इतर मजहबही हेच सांगतात. म्हणून "एक घोट चव" हा प्रश्न शिल्लक उरत नाही.

"दिवसभराच्या कामाचा शीण जातो," हे कारणही नवे नाही. ह. दैलम हिम्यरी (रजि.) यांनी प्रेषितांना सांगितले होते की, आमचा प्रदेश थंड आहे, कष्टाची कामे करावी लागतात, म्हणून आम्ही गव्हापासून एक पेय करतो, त्याने बळ येते आणि थंडी सुसह्य होते. प्रेषितांनी एकच प्रश्न केला : ते नशा आणते का? होकार मिळताच त्यापासून दूर राहण्यास सांगितले. कष्ट खरे होते, थंडीही खरी होती. पण नशा ही त्यावरची परवानगी ठरली नाही.

प्रेषितांनी हेही सांगून ठेवले आहे की, या उम्मतमधील काही लोक मद्याला दुसरे नाव देऊन ते पितील (अबू दाऊद). नाव जितके सुंदर, तितके सावध राहावे.

मने हळूहळू तयार केली गेली

मद्यनिषेध एका रात्रीत आला नाही. सूरह बकराच्या २१९व्या आयतीत सांगितले गेले की, मद्य आणि जुगार यांत काही लाभ असले तरी त्यांचे पाप लाभाहून मोठे आहे. सूरह निसाच्या ४३व्या आयतीत नशेच्या अवस्थेत नमाजेजवळ जाण्यास मनाई झाली. दिवसातून पाच वेळा नमाज असल्यामुळे पिण्याच्या वेळा आपोआप आक्रसल्या. अखेरीस सूरह माइदाच्या ९० आणि ९१ या आयतींनी ते पूर्णतः निषिद्ध ठरवले आणि विचारले की, आता तरी तुम्ही थांबाल ना?

ह. अनस (रजि.) सांगतात की, ते ह. अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी पाहुण्यांना खजुराचे मद्य वाढत होते. बाहेर दवंडी ऐकू आली. ती कशाची, हे पाहायला त्यांना पाठवले गेले. मद्य हराम झाले, हे कळताच सारे मद्य ओतून देण्यास सांगण्यात आले. मदिनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहू लागले. पाहुणे बसलेले होते, पेले भरलेले होते, यजमान प्रतिष्ठित होते; तरीही "आजची मैफल उरकू द्या" असे कोणी म्हटले नाही.

आता ९१व्या आयतीतील कारणे आठवा. सैतान मद्य आणि जुगार यांच्याद्वारे तुमच्यात वैर आणि द्वेष पसरवू पाहतो, आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजेपासून रोखू पाहतो, असे तिथे सांगितले आहे. या कारणांशेजारी आपल्या तरुणाची ती संध्याकाळ ठेवून पाहा. मित्रांत भांडण झाले. दीनची थट्टा झाली आणि तो हसला. तीन नमाजा गेल्या. त्याच्या ओठाला एक थेंबही लागला नव्हता. न पिता केवळ त्या टेबलावर बसूनही आयतीत सांगितलेले परिणाम त्याच्या वाट्याला आले. पिणे आणि बसणे ही दोन पापे वेगळी आहेत, त्यांची तीव्रताही सारखी नाही. पण ज्या दारातून पहिले आत येते, त्याच दारात दुसरे उभे असते.

बैठकीचा हुकूम

मराठीत म्हणतात, शिंदीच्या झाडाखाली बसून ताक प्यायले तरी लोक शिंदीच प्यायला म्हणतात. ही म्हण लोकांच्या बोलण्याविषयी आहे. शरीअतचे बोलणे याहून खोल आहे. लोकांनी पाहिले नाही तरीही त्या बैठकीचा परिणाम बसणाऱ्यावर होतो, असे ती सांगते. तिर्मिजीमध्ये ह. जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा की, जो अल्लाहवर आणि अंतिम दिनावर श्रद्धा ठेवतो, त्याने मद्य फिरत असलेल्या दस्तरखानावर बसू नये. येथे पिण्याचा उल्लेख नाही, बसण्याचा आहे. आणि ती गोष्ट थेट श्रद्धेशी जोडली आहे.

सूरह निसाच्या १४०व्या आयतीत आज्ञा आहे की, जिथे अल्लाहच्या आयतींची थट्टा होते तिथे लोक दुसऱ्या बोलण्याकडे वळेपर्यंत बसू नये. अन्यथा तुम्हीही त्यांच्यासारखेच ठराल. खलीफा उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्याविषयी तफसीरच्या ग्रंथांत एक रिवायत येते. मद्य पिणाऱ्या काही लोकांना पकडून आणले गेले. त्यांच्यातील एक जण रोजा ठेवून बसलेला होता. हा तर रोजेदार आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी हीच आयत वाचून दाखवली आणि त्यालाही शिक्षेतून वगळले नाही. लिंबू सोड्याचा आधार घेणाऱ्याने त्या रोजेदाराची अवस्था आठवावी. त्याने तर पाणीसुद्धा प्यायलेले नव्हते.

आणि आता ते हजार रुपये. तिर्मिजीतीलच दुसऱ्या एका हदीसमध्ये मद्याच्या संदर्भात दहा जणांवर लानत आली आहे. त्यांत गाळणारा, गाळवून घेणारा, पिणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेले जाते तो, पाजणारा, विकणारा, त्याची किंमत खाणारा, विकत घेणारा आणि ज्याच्यासाठी घेतले जाते तो, असे सर्व येतात. समान वाटून घेतलेले बिल हा शिष्टाचार वाटतो, पण त्यात आपल्या हलाल कमाईतून दुसऱ्याच्या मद्याची किंमत दिली जाते. जो प्यायला नाही, तो अशा प्रकारे विकत घेणाऱ्यांच्या ओळीत जाऊन उभा राहतो. त्या तरुणाला ही गोष्ट मी सांगण्याआधीच बोचली होती. बोचली, हेच त्याच्या ईमानचे लक्षण होते.

मद्याची किंमत केवळ पिणाराच भरतो असेही नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवणारा मुलगा अल्पवयीन होता आणि त्याआधी त्याने पबमध्ये मद्यपान केल्याचा आरोप आहे. ते दोघे मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले होते, जशी आपली मुले जातात. दूरच्या कोणा घरी त्या पहाटे गेलेल्या फोनची कल्पना करून पाहा. पापाचे पारडे लाभाहून जड आहे, हे सूरह बकराचे म्हणणे अशा वेळी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आधी माहीत असणे आणि नंतर कळणे

याचा अर्थ असा नव्हे की, शरीअत माणसाची अडचण ओळखत नाही. मदरशात शिकवल्या जाणाऱ्या हिदाया या हनफी ग्रंथात मेजवानीच्या प्रकरणात या प्रश्नाचा बारकाईने विचार केलेला आहे. निमंत्रणाच्या ठिकाणी निषिद्ध गोष्ट आहे, हे आधीच माहीत असेल तर जाऊच नये. तिथे पोहोचल्यावर कळले तर दोन स्थिती संभवतात. ती गोष्ट त्याच दस्तरखानावर असेल तर तिथे बसू नये. घरात दुसरीकडे चालू असेल, थांबवण्याचे सामर्थ्य नसेल आणि तो माणूस लोकांचा मार्गदर्शक नसेल, तर सब्र करून जेवण उरकण्यास जागा आहे. मार्गदर्शकाने मात्र निघून जावे, कारण लोक त्याच्याकडे पाहून शिकतात. याच ठिकाणी इमाम अबू हनीफा (रह.) यांचे कथन दिले आहे की, त्यांच्यावरही एकदा असा प्रसंग आला होता आणि त्यांनी सब्र केला. ही गोष्ट ते इमाम म्हणून मान्य होण्यापूर्वीची आहे, असा खुलासाही ग्रंथकार करतात.

हा भेद आपल्या नेहमीच्या प्रश्नांना लावून पाहा. नागपूर-रायपूर महामार्गावर प्रवासात एखाद्या हॉटेलात कुटुंबासाठी वेगळे दालन असते आणि पलीकडे बार असतो. आपल्या टेबलावर मद्य नाही, जेवण हलाल आहे आणि जवळपास दुसरी सोय नाही, तर ती स्थिती वेगळी. दुसरी सोय असताना तेच हॉटेल निवडणे मात्र योग्य नव्हे. कंपनीच्या वार्षिक समारंभात एका कोपऱ्यात बार उघडला गेला आणि तुम्हाला ते आधी ठाऊक नव्हते, तर तिथून दूर बसा, आवश्यक तेवढे थांबा आणि निघा. परंतु क्राफ्ट बिअरच्या पबमध्ये जाण्याचा बेत या कोणत्याच सवलतीत बसत नाही. तिथे काय आहे हे आधीच माहीत असते. ते त्याच टेबलावर येते. आणि त्या जागेचे अस्तित्वच त्याच्यासाठी असते.

नकार कसा द्यावा

"पण नोकरीचे काय? बढतीच्या गोष्टी अशाच बैठकीत ठरतात," हा प्रश्न खोटा नाही आणि तो हसण्यावारी नेऊ नये. सूरह फुरकानच्या ७२व्या आयतीत रहमानच्या दासांचे एक लक्षण असे सांगितले आहे की, ते निरर्थक गोष्टींजवळून जाताना प्रतिष्ठेने निघून जातात. प्रतिष्ठेने, म्हणजे ना लाजत, ना समोरच्याला लाजवत.

म्हणून खोटी कारणे सांगू नका. "पोट बिघडले आहे" हे एकदा चालेल, तिसऱ्यांदा तुमची किंमत घटवील. शिवाय ते असत्य आहे. सरळ सांगा, "जिथे मद्य असते तिथे मी बसत नाही, माझ्या धर्माची तशी शिकवण आहे. जेवणाचा किंवा चहाचा बेत असेल तर मी नक्की येईन." महाराष्ट्रात अशा शब्दाची कदर करणारी माणसे आहेत. एखादा वारकरी "मी माळकरी आहे" म्हणतो, तेव्हा त्याला कोणी आग्रह करीत नाही. त्याने निश्चय आधी सांगितलेला असतो आणि तो पाळलेला असतो. आपल्या बाबतीतही आग्रह थांबतो, तो निश्चय दिसल्यावरच.

दुसरे, बैठक नाकारताना माणसे नाकारू नका. त्या सहकाऱ्याने ग्लास पुढे केला तो वैराने नव्हे. त्याच्या आजारपणात भेटायला जा, कामात मदत करा, ईदला शीरखुर्म्याचे आमंत्रण द्या. दुसऱ्यांना तुच्छ लेखणारा धार्मिकपणा हा नशेचाच एक प्रकार आहे. तिसरे, बिलाचा विषय आधीच स्पष्ट करा. सामाईक वर्गणीतून मद्य येणार असेल तर त्या वर्गणीत भाग घेऊ नका.

आपल्या तरुणाने पुढच्या आठवड्यात त्याच्या वरिष्ठ मॅडमना हे सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "आधीच सांगायचे होते की. पुढच्या वेळी आपण दुपारचे जेवण ठेवू." तसे जेवण झालेही. मात्र शुक्रवारच्या संध्याकाळी त्या पबमध्येच होत राहिल्या आणि हा त्यांत नसतो. सोमवारी सकाळी तिथल्या गोष्टींवर सारे हसतात, तेव्हा त्याला काही कळत नाही. हे त्याचे नुकसान आहे, मी ते नाकारणार नाही. ह. यूसुफ (अलै.) हेही घरापासून दूर, परक्या शहरात, तरुण वयात होते, जिकडे त्यांना बोलावले जात होते त्यापेक्षा त्यांनी तुरुंग पसंत केला. आपल्या मुलाच्या वाट्याला तुरुंग आला नाही, थोडे एकाकीपण आले. अल्लाहसाठी सोसलेले एकाकीपण वाया जात नाही.

घरच्यांसाठी

मी त्याला तौबा करण्यास सांगितले आणि मगरिब, इशा, वित्र व फजर यांची कजा करण्यास सांगितले. मग त्याने विचारले, "अब्बांना सांगू का?" मी म्हटले, "तुझी इच्छा असेल तर सांग; झाकलेले पाप उघडे करण्याचे बंधन तुझ्यावर नाही." तो म्हणाला, "नाही सांगणार. ते वर्षभर बोलणार नाहीत माझ्याशी."

आई-वडिलांनो, या वाक्यावर थांबा. प्रेषितांच्या काळी एका माणसाला मद्यपानासाठी वारंवार शिक्षा झाली. शेवटी कोणीतरी त्याला शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी रोखले आणि सांगितले की, त्याला शाप देऊ नका. तो अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो (बुखारी). शिक्षा माफ झाली नाही, परंतु नातेही तुटले नाही. जो खरोखर पीत होता त्याच्याशी ही वागणूक होती. आपला मुलगा तर केवळ जाऊन बसला होता आणि स्वतःहून विचारत होता. विचारणाऱ्यावर दार बंद झाले, तर पुढच्या वेळी तो विचारणार नाही. तो फक्त जाईल. त्या गुरुवारी मी फोन ठेवला तेव्हा माझ्याही हातून हेच घडले होते.

म्हणून मुलगा किंवा मुलगी शहरात जाण्यापूर्वीच या विषयावर घरात बोला. जिथे राहणार तिथून मशीद किती दूर आहे, शुक्रवारच्या संध्याकाळी ते काय करतील, कोणासोबत जेवतील, हे विचारा. रिकाम्या संध्याकाळीच चुकीची आमंत्रणे गोड वाटतात. फोनवर पगाराची चौकशी जेवढ्या वेळा करता, तेवढ्या वेळा नमाजेचीही करा; पण पोलिसासारखी नव्हे, अब्बा-अम्मीसारखी.

हे अल्लाह, घरापासून दूर असलेल्या आमच्या लेकरांच्या दस्तरखानाची तू राखण कर. त्यांना चांगली संगत दे, चुकल्यास परतण्याची वाट दे, आणि ते परततील तेव्हा आमची दारे उघडी ठेव. आमीन.

घरी चर्चेसाठी

१. मिज्र या पेयाविषयीच्या हदीसमधून बिअरचा हुकूम कसा समजतो?

२. सूरह माइदाच्या ९१व्या आयतीतील कोणती कारणे त्या तरुणाच्या संध्याकाळी दिसून आली?

३. आधी माहीत असलेली आणि तिथे गेल्यावर कळलेली निषिद्ध गोष्ट, या दोन्हींत काय फरक आहे? आपल्या अनुभवातील एकेक उदाहरण सांगा.

४. मुलांनी सांगावे : कोणता प्रश्न अब्बा-अम्मींना विचारण्याची भीती वाटते? मोठ्यांनी मध्ये न बोलता ऐकावे.